पापांची दाढ

दाढ दुखायला लागली मंगळवारी, आणि गुरुवारपर्यंत रोझेनतालमध्ये ही गोष्ट ठाऊक नाही असं माणूस उरलं नाही; कारण गेरहार्ड एडिगर तिच्याबद्दल एक अक्षरही बोलले नव्हते.

न बोलण्याची त्यांची एक पद्धत होती. घास तोंडाशी न्यायचा, थांबायचं, छताकडे बघायचं आणि "प्रभू, तुझी इच्छा" असं इतक्या हळू म्हणायचं की ते ऐकायला टेबलावरच्या सगळ्यांनी चमचे खाली ठेवावेत. कोणी विचारलंच तर हात हलवून "काही नाही, काही नाही" म्हणायचं, आणि त्या हलणाऱ्या हाताने जाताजाता गालाला स्पर्श करायचा. गोठ्यात जाऊन कण्हायचे तर गाय दूध आवरून धरायची. शुक्रवारी तिने निम्मंच दूध दिलं, तेव्हा बुरुलने ठरवलं की आता पुरे झालं.

बुरुल त्यांची सून. रोझेनताल जर्मन ख्रिस्ती वसाहतीचं गाव, ती मात्र नदीपलीकडच्या किरगिझ वस्तीतली. दहा वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेऊन तिने फ्रान्झशी लग्न केलं, तेव्हापासून सासऱ्यांचे उपदेश ती दर रविवारी तिसऱ्या बाकावर बसून ऐकत आली होती. गेरहार्ड मंडळीचे, म्हणजे गावच्या चर्चचे, वडील म्हणजे प्रमुख होते, आणि त्यांचा विषय एकच असायचा: विश्वासासाठी सोसणं. तो अधिकार त्यांना होता. सोव्हिएत राजवटीत, त्रेसष्ट साली, चोरून भरवलेल्या प्रार्थनासभेपायी त्यांनी उत्तरेच्या छावणीत पाच वर्षं लाकडं तोडली होती. वजा चाळीसात बोटं गेली, पण प्रार्थना गेली नाही, असं गावात म्हणत. खरं तर एकच बोट गेलं होतं. पण वडिलांनी ती चूक कधी दुरुस्त केली नव्हती.

"पापा," बुरुलने दुपारी त्यांच्यासमोर शेवयांचं सूप ठेवत विचारलं, "दाढ कुठली? वरची की खालची?"

"कसली दाढ?"

"जिच्यामुळे गाय आटली ती."

गेरहार्ड छताकडे बघायला लागले. "खालची," ते शेवटी म्हणाले. "पण मी सोसतोय."

"तुम्ही सोसताय आणि आम्ही तीन दिवस जागतोय. हा क्रूस तुमचा आहे की आमचा, तेवढं सांगा. म्हणजे त्याप्रमाणे उचलता येईल."

फ्रान्झ सुपात तोंड घालून हसला आणि बापाने बघताच खोकायला लागला. फ्रान्झचा स्वभावच तसा होता. घरात दोन बाजू पडल्या की तो तिसऱ्या बाजूला जाऊन मोटारीचं इंजिन उघडून बसायचा.

तेवढ्यात युस्टिना आली. फ्रान्झची थोरली बहीण, बिनलग्नाची, मंडळीच्या गायकवर्गाची प्रमुख. टोपलीत कोबीची पानं, लसूण, खारवलेली चरबी आणि सेजच्या पानांचा काढा घेऊन आली होती. बापाला पकडून नेलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तुरुंगाच्या फाटकाशी आईबरोबर पावाची पिशवी धरून रांगेत उभी राहिलेली. तेव्हापासून बापाची ती पाच वर्षं तिने घरातल्या चांदीसारखी जपली होती. कोणी हात लावलेला तिला खपत नसे.

"रविवारी सुगीची उपकारस्तुती आहे," ती टोपली ठेवत म्हणाली. "शेजारच्या तीन गावांची मंडळी येणार. पापांनी बोललंच पाहिजे."

"या तोंडाने?" बुरुल म्हणाली.

"म्हणून तर आणलंय हे सगळं."

पुढचा तासभर गेरहार्डच्या तोंडात जे जे म्हणून गेलं, त्याने एखादं डुक्कर खारवून वर्षभर टिकवता आलं असतं. लसणाने हिरडी भाजली. चरबी घसरून घशात गेली. कोबीचं पान गालाला बांधलं, तर ते मुंडावळ्या बांधलेल्या म्हाताऱ्या नवऱ्यासारखे दिसायला लागले. दाढ होती तशीच ठणकत राहिली.

"एक उपाय उरलाय," युस्टिना खालच्या आवाजात म्हणाली. "व्होडका. प्यायची नाही, फक्त धरून ठेवायची आणि थुंकायची."

 या घरात तीन पिढ्यांत बाटली आली नव्हती.

"धरून ठेवणं हे पाप नाही," युस्टिना पुढे म्हणाली. "गिळणं हे पाप. मी विचार केलाय."

"कधी केलास?" फ्रान्झने विचारलं.

"येताना. बुरुल, तू जा दुकानात. मी गेले तर गावभर होईल. तू गेलीस तर नवल नाही वाटणार कोणाला. तुझ्या माहेरचे पितात."

"एजे," बुरुल म्हणाली. थोरल्या बहिणीला तिच्या भाषेत एजे म्हणत, आणि राग आला की ती हा शब्द फार गोड उच्चारायची. "माझ्या माहेरचे मुसलमान आहेत. पिऊ नये असं त्यांनाही सांगितलेलं आहे. तेही तुमच्याइतकंच ऐकतात."

शेवटी फ्रान्झ गेला आणि मोटारीच्या डिक्कीत, टायरखाली लपवून बाटली घेऊन आला. गेरहार्डनी मोठा घोट तोंडात घेतला, डोळे मिटले. युस्टिनाने बादली पुढे धरली. सगळे वाट बघत राहिले. मग वडिलांचा कंठमणी सावकाश वर गेला आणि सावकाश खाली आला.

"पापा, थुंका," युस्टिना म्हणाली.

"काय थुंकू?" गेरहार्ड म्हणाले, आणि मंगळवारपासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

बाटली युस्टिनाने अंगणात ओतली. तासाभराने दाढ पुन्हा ठणकायला लागली, आता दुप्पट. गाल भाकरीसारखा फुगला. बुरुलने कपाळाला हात लावून पाहिला, तर ताप होता.

"दातांचा डॉक्टर," ती म्हणाली.

 डॉक्टर कोण, हे विचारायची गरजच नव्हती. जिल्ह्याच्या गावचे दोन दंतवैद्य सहकुटुंब जर्मनीला निघून गेले होते. राजधानीकडचा रस्ता पूल वाहून गेल्यामुळे बंद होता. उरला तो एकच: व्हिक्टर एडिगर. इझाकचा मुलगा.

आणि इझाक म्हणजे गेरहार्डचे धाकटे भाऊ. त्रेसष्ट साली प्रार्थनासभेत कोण कोण होतं, ते अधिकाऱ्यांना सांगणारे. बारा किलोमीटरवर राहत होते. तेहतीस वर्षांत या घराचा उंबरा त्यांनी ओलांडला नव्हता, आणि या घराने त्यांचा.

"पापांच्या तोंडात त्या घरातला हात जाणार नाही," युस्टिना म्हणाली.

"मी इझाकला क्षमा केलीय," गेरहार्ड सुजलेल्या तोंडाने म्हणाले. हे खरं होतं. दरवर्षी उपवासाच्या दिवसांत ते मंडळीसमोर उभे राहून हे सांगत: माझ्या भावाला चौकशीत मारलं, तो मोडला, मी त्याला क्षमा केली. बायका डोळे पुसत.

"मग अडचण काय?" बुरुलने विचारलं.

गेरहार्ड उत्तर द्यायला गेले, दाढेने कळ मारली आणि त्यांनी टेबलावर मूठ आपटली. उरलेला काढा फ्रान्झच्या मांडीवर सांडला.

"मी इंजिन बघतो," फ्रान्झ उठत म्हणाला.

"बघा," बुरुल म्हणाली. "आणि चालू करून ठेवा. उद्या सकाळी निघायचंय."

*

शनिवारी मोटारीत चौघं होती. युस्टिना मागे बापाशेजारी बसली, "लक्ष ठेवायला". कोणावर ते तिने सांगितलं नाही.

व्हिक्टरचा दवाखाना म्हणजे एक बाहेरची खोली, एक खुर्चीची खोली आणि एक सामानाची. बाहेरच्या खोलीत खिडकीशी एक म्हातारा बसून सूर्यफुलाच्या बिया नखांनी सोलत होता. दार उघडलं, त्याने वर पाहिलं, आणि बियांची पुडी तिथेच टाकून अडुसष्टाव्या वर्षी शोभणार नाही अशा चपळाईने तो सामानाच्या खोलीत शिरला. दार आतून ओढून घेतलं.

बुरुलने त्या म्हाताऱ्याला याआधी कधी पाहिलं नव्हतं. पण पाठमोरी चाल गेरहार्डचीच होती. तिने सासऱ्यांकडे पाहिलं. ते भिंतीवरचं जबड्याचं चित्र अतिशय लक्षपूर्वक वाचत होते.

व्हिक्टर बाहेर आला. बैलासारखा दांडगा माणूस, पण काकांना बघून त्याच्या हातातला आरसा खणकन खाली पडला.

"काका," तो म्हणाला. "बसा. म्हणजे आत. खुर्चीवर."

गेरहार्ड खुर्चीत बसले. युस्टिना हाताची घडी घालून पायाशी उभी राहिली. व्हिक्टरने तोंडात डोकावून पाहिलं आणि हळूच शीळ घातली. "हिच्यासकट तुम्ही चार दिवस काढलेत?"

"सोसायची सवय आहे."

"ते ठाऊक आहे आम्हाला," व्हिक्टर म्हणाला, आणि लगेच लाल झाला. "सुई देतो. मग कळणार नाही."

"सुई नको. छावणीत माझे दोन दात सुतारी पक्कडीने काढलेत."

व्हिक्टरने सुई ताटलीत ठेवली. "मग दुसरीकडे जा, काका. सोसायचंच ठरवून आलेल्या माणसाची दाढ मला नाही काढता येणार. माझे हात बघा." हात खरोखरच कापत होते. "लहानपणापासून घरात तुमचं नाव निघालं की बाबा उठून बाहेर जायचे. आता तुम्ही इथं बसून माझ्यासमोर कण्हणार, आणि ते भिंतीपलीकडे. मला नाही झेपणार ते. सुई घ्या, नाहीतर उठा."

"पापा," बुरुल म्हणाली, "तोंड उघडा. उद्या तीन गावांची मंडळी येणार आहे."

गेरहार्डनी तोंड उघडलं.

दाढ निघाली ती सरळपणे नाही निघाली. व्हिक्टरने एक गुडघा खुर्चीला टेकवला, युस्टिनाने प्रार्थना म्हणायला सुरुवात केली, फ्रान्झ इंजिन बघायला गेला, आणि बुरुलने सासऱ्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवलं. शेवटी कडकन आवाज झाला. व्हिक्टरने तोंडात कापसाचा हा एवढा बोळा कोंबला.

"अर्धा तास घट्ट दाबून धरा. तोंड उघडायचं नाही, बोलायचं नाही. एक शब्दही."

रोझेनतालच्या मंडळीच्या वडिलांना आयुष्यात कोणी हे सांगितलं नव्हतं. ते डोळे विस्फारून बघत राहिले.

आणि त्याच वेळी सामानाच्या खोलीत काहीतरी धडाधड कोसळलं. दार उघडलं. इझाक एडिगर नखशिखांत प्लास्टरच्या भुकटीने पांढरे होऊन उभे होते. पायाशी मापासाठी साच्यात ओतलेले वीसपंचवीस प्लास्टरचे जबडे विखुरले होते.

"फळी मोडली," ते म्हणाले.

कोणी हसलं नाही. इझाकनी भावाच्या गालाकडे, कापसाकडे पाहिलं. "बोलता येत नाही त्याला?"

"अर्धा तास नाही," व्हिक्टर म्हणाला.

"मग आत्ताच," इझाक म्हणाले, आणि जबडे चुकवत चुकवत खुर्चीपाशी आले. "गेरहार्ड, तू बोलायला लागलास की मला काही सुचत नाही. लहानपणापासून. तू दरवर्षी मंडळीत सांगतोस ते मला कळतं. की त्यांनी मला मारलं आणि मी मोडलो. चांगलं सांगतोस म्हणे. बायका रडतात."  मिशीवरची भुकटी त्यांनी पुसली, ती डोळ्यात गेली. "मला कोणी मारलं नाही."

युस्टिनाचे ओठ हलायचे थांबले.

"खोली गरम होती. अधिकारी चांगला बोलत होता. त्याने चहा दिला. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. त्याने एकदा विचारलं, आणि मी सांगितलं. दुसऱ्यांदा विचारायची वेळही आणली नाही मी. मारलं, हे मीच नंतर उठवलं. तू तुरुंगात होतास. तुझ्यापर्यंत ते तसंच पोचलं."

"चहा," युस्टिना म्हणाली. "चहासाठी."

"चहासाठी नाही गं. भीतीने. पण चहा होता."

गेरहार्ड उठले. त्यांचा चेहरा दाढ काढतानाही एवढा पांढरा झाला नव्हता. कापसाच्या आडून घशात काहीतरी घरघरलं. त्यांनी हात उचलला, आणि बुरुलला क्षणभर वाटलं, आता मारतात. पण त्यांनी टोपी घेतली, भावाला वळसा घालून बाहेर गेले आणि मोटारीत जाऊन बसले.

"झालं," व्हिक्टर खाली बसून जबडे गोळा करत म्हणाला. "आता आणखी तेहतीस वर्षं."

*

मोटारीत बुरुल त्यांच्या शेजारी जाऊन बसली. तिने काही विचारलं नाही. घड्याळ बघत राहिली. अर्धा तास झाल्यावर रुमाल पुढे केला. गेरहार्डनी कापूस थुंकला.

"मी मार खाल्लेल्या माणसाला क्षमा केली होती," ते म्हणाले. अर्धी जीभ बधीर होती. शब्द ओले आणि वाकडे निघत होते. "तीस वर्षं. मला ते जमलं होतं. हा चहावाला माणूस मला ठाऊकच नव्हता."

"हो."

"पाच वर्षं, बुरुल. थंडीत मला वाटायचं, तिकडे तोही माझ्यासारखाच सोसतोय. त्यावर मी दिवस काढले."

 समोर फ्रान्झ उघड्या इंजिनात वाकून उगाचच एक नळी पुसत होता.

"तू तुझ्या बापाकडे जातेस ना," गेरहार्डनी अचानक विचारलं. "वसंतात."

"जाते."

"मी कधी विचारलं नाही. आत घेतो तुला?"

"नाही. मी फाटकाशी उभी राहते. ते ओट्यावर बसलेले असतात. मी सलाम करते. ते बघत नाहीत. थोडा वेळ थांबून परत येते." तिने कापसासकट रुमाल गुंडाळला. "पहिली दोन वर्षं कुत्रा सोडत होते. आता नाही सोडत. कुत्रा म्हातारा झाला, की त्यांनीच बांधून ठेवला, ते ठाऊक नाही."

"आणि या वर्षीसारखंच पुढल्या वर्षी झालं तर?"

"तर त्याच्या पुढल्या वर्षी."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही सोसण्यावर बोलत असायचात, पापा. मध्ये कसं बोलायचं?"

गेरहार्ड गप्प बसले. मंगळवारपासूनच्या गप्प बसण्यात आणि यात फरक होता. यात ऐकायला कोणी लागत नव्हतं.  मग त्यांनी दार उघडलं, गाल धरून पुन्हा दवाखान्यात गेले. बुरुल मागोमाग धावली.

इझाक गुडघ्यांवर बसून मुलाला जबडे वेचून देत होते. युस्टिना भिंतीला टेकून उभी होती, कोणाकडेच न बघता.

"साखर होती?" गेरहार्डनी विचारलं.

इझाकनी मान वर केली. "काय?"

"चहात. साखर होती का?"

"दोन चमचे," इझाक म्हणाले. "मी तिसरा मागितला."

गेरहार्डच्या तोंडातून एक विचित्र आवाज आला. आधी बुरुलला वाटलं, जखम उघडली. मग कळलं की ते हसताहेत. अर्ध्याच तोंडाने, कारण उरलेलं अर्धं अजून झोपलेलं होतं. हसता हसता ते रडायला लागले आणि रडता रडता खाली बसले, गुडघे कडकडा वाजवत, त्या पांढऱ्या भुकटीत.

"तिसरा मागितला," ते म्हणाले. "अरे देवा. दिला का?"

"नाही."

"बरं झालं."

मग दोघं जबडे वेचत राहिले. गेरहार्डनी एक खालचा आणि एक वरचा जुळवून पाहिला. जुळत नव्हता. त्यांनी तो खोक्यात ठेवला आणि दुसरा उचलला.

*

रविवारी प्रार्थनागृहात भोपळे, सफरचंदं आणि कणसांची रास लागली होती. तीन गावांची मंडळी दाटीवाटीने बसली होती. गेरहार्ड गालाला पांढरा रुमाल बांधून उभे राहिले, तेव्हा लोकांनी रुमाल काढून डोळ्यांपाशी तयार ठेवले.

"मी दरवर्षी तुम्हाला सांगतो," ते म्हणाले, "की मी माझ्या भावाला क्षमा केली. ते खरं नव्हतं. मला वाटत होतं खरं आहे. काल सकाळपासून मी क्षमा करायला सुरुवात केलीय. अजून जमत नाही. कालपेक्षा आज थोडं अधिक जमतंय. माझं एकच बोट गेलं, बाकी नऊ आहेत. तेही सांगून टाकतो. सोसणं मला येतं असं मी समजत होतो. माझ्या घरात ते माझ्याहून चांगलं येणारं माणूस आहे. ते बोलत नाही. माझ्यासाठी प्रार्थना करा."

आणि ते खाली बसले. पन्नास मिनिटांच्या उपदेशाची सवय असलेली मंडळी तशीच बसून राहिली. मागच्या बाकावर एका बाईने शेजारणीला विचारलं, "झालं?" शेजारीण म्हणाली, "दाढ काढलीय ना." बुरुल तिसऱ्या बाकावर मान खाली घालून बसली होती. फ्रान्झने, मंडळीत असं कधी करत नसत तरी, तिचा हात हातात घेतला.

दाराशी, उशिरा येणाऱ्यांसाठी ठेवलेल्या स्टुलावर इझाक बसले होते. ते गेरहार्डनी बोलावल्यामुळे आले होते. त्यांना बघून काही लोक उठून पुढच्या बाकांवर गेले होते.

उपासनेनंतर अंगणात लांब टेबलं लागली. इझाक एका टोकाला बसले. त्यांच्या दोन्ही बाजूंची चार चार माणसांची जागा रिकामी राहिली. गेरहार्डना पाहुण्यांनी गराडा घातला होता, ते मान उंच करून तिकडे बघत होते, पण सुटता येत नव्हतं. बुरुल वाडगा घेऊन निघाली, तेवढ्यात कोणीतरी तिच्या हातातून तो काढून घेतला.

युस्टिना होती. डोळे सुजलेले, सगळी रात्र रडून काढली असावी. ती सुपाच्या पातेल्यापाशी गेली, वाडगा भरला. मग सुरी घेतली आणि उभ्याउभ्याच त्यातल्या शेवया बारीक चिरायला लागली, कारण काल तिने पाहिलं होतं की दंतवैद्याच्या बापाच्या तोंडात एकही दात नाही.  बुरुलने मदत करायला हात पुढे केला, तर तिने मानेनेच नको म्हटलं.

सगळं अंगण बघत असताना ती रिकाम्या जागांच्या कडेने चालत गेली आणि काकांसमोर वाडगा ठेवला. थोडा जोरातच.

"मी तुम्हाला क्षमा केलेली नाही," ती म्हणाली.

"हो," इझाक म्हणाले.

"जेवा. गार होतंय."

आणि ती समोरच्या बाकावर बसली.